छपराला हात घालण्याआधी



मी कविता लिहितो. त्यामुळे रेडिओवर बोलायचे बोलावणे आले तेव्हा घरच्यांना वाटले, हा आता चंद्रावर बोलणार. मी म्हटले, चंद्राच्या थोडे अलीकडे थांबतो, छपरावर बोलतो. घरात हसू झाले. पण मी ते गमतीने बोललो नव्हतो. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढे माझी नोकरी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात गेली. टंकलेखन करायचे, नकाशांच्या घड्या घालायच्या आणि फायली काखोटीला मारून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नगररचना विभागांत खेटे घालायचे, हे माझे काम. या तीन गावांतल्या माणसांनी आपल्या डोक्यावरच्या छपराचे काय काय केले, ते मी कागदावर पाहिले आहे आणि शिडी लावूनही पाहिले आहे. त्यात मी स्वतः काय केले, तेही आज सांगणार आहे.

आमचे घर अंबरनाथला, एका चाळीत. ओळीने आठ खोल्या आणि वर सगळ्यांचे मिळून एकच लांबलचक मंगलोरी कौलांचे छप्पर. अब्बा काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. खोली दहा बाय बाराची, त्यातच मागच्या अंगाला स्वयंपाक. तिथे खिडकी नव्हती. होते ते एक काचेचे कौल. आठही खोल्यांना असे एकेक कौल होते. त्यातून सकाळी उन्हाचा कवडसा खाली उतरायचा आणि जमिनीवरून हळूहळू सरकायचा. अम्मीचे घड्याळ तेच. कवडसा हंड्यावर आला की माझी शाळेची वेळ, पाट्या-वरवंट्यावर आला की अब्बांच्या दुपारपाळीचा डबा. ‘देख, धूप हंडे पर आ गई,’ एवढे म्हणून ती माझी गोधडी ओढायची.

आमचे मूळ गाव लातूरकडे. तिथल्या आजोबांच्या घराला माळवद होते, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. त्यातही उजेडासाठी एक भोक ठेवलेले असे. त्याला आमच्याकडे सवणं म्हणतात. पाऊस आला की घरातले कोणीतरी धावत वर जाऊन त्यावर घमेले पालथे घालायचे. सांगायचा मुद्दा हा की, छपरातून उजेड घरात घ्यायचा, ही काही नव्या बंगल्यांची हौस नव्हे. भिंतीला भिंत लागून असलेल्या गरिबाच्या घराला उजेड यायचा तो वरूनच.

१९९६ साली माझे लग्न ठरले. एका खोलीत आईवडील, धाकटी बहीण आणि आम्ही दोघे कसे राहणार? चाळीतल्या आणखी दोघांनी केले होते तेच मी केले. आमच्या खोलीपुरती कौले उतरवली, भिंती चार फूट चढवल्या, आत माळा केला आणि वर सिमेंटचे पत्रे टाकले. ‘परवानगी घ्यावी लागेल का?’ असे मी मिस्त्रीला विचारले होते. तो म्हणाला, ‘परवानगी कशाला? छप्पर तर तुमचंच आहे.’

हे वाक्य पुढे मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकले. आजचे सगळे बोलणे त्या एका वाक्याविषयी आहे.

आमच्या पश्चिमेच्या खोलीत काकू राहत. नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली आणि पोटापाण्याला शिवणयंत्र. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. ईदचे आमचे कपडेही त्याच शिवत. ते यंत्र त्यांनी बरोबर काचेच्या कौलाखाली मांडले होते. पाणी भरून झाले की सात वाजता त्या यंत्रावर बसत आणि सुईत दोरा ओवताना मान उचलून उजेडाकडे धरत. माझी भिंत चार फूट वर गेली आणि त्यांच्या पाख्यावर नऊ वाजेपर्यंत सावली पडायला लागली. मला ते कळलेही नाही. तीनेक महिन्यांनी ईदचा सदरा हातात देताना त्या म्हणाल्या, ‘घर छान झालं तुझं. माझी सकाळ तेवढी गेली बघ.’ आवाजात राग नव्हता. वर पाहिले तर भिंतीला नवी ट्यूबलाइट लावलेली होती.

दोन वर्षांनी मला ही नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात साहेबांनी एक नोटीस टंकायला दिली. कोणीतरी विनापरवाना मजला चढवला होता, त्याच्या उत्तराचा मसुदा होता. टंकता टंकता मला घाम फुटला. माणसाचे नाव बदलले असते तर ती नोटीस माझी होती.

तेव्हापासून मला जे समजले ते मी तीन गोष्टींत सांगतो. छपराला हात घालण्याआधी तिघांना विचारायचे. आधी भिंतीला, मग शेजाऱ्याला, मग पालिकेला. पालिकेचे नियम म्हणजे तरी काय? पहिल्या दोघांना बोलता येत नाही किंवा बोलायचा संकोच वाटतो, म्हणून त्यांच्या वतीने लिहून ठेवलेले प्रश्न.

आधी भिंत. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. मंगलोरी कौले, रिपा आणि वासे धरून एका चौरस मीटरला पासष्टेक किलो वजन येते. म्हणजे सगळे छप्पर पाऊण टनाच्या आसपास. तेच काढून चार इंची काँक्रीटचा स्लॅब टाकला तर चौरस मीटरला अडीचशे किलो, म्हणजे एकूण पावणेतीन टन. त्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवली की आणखी अर्धा टन. खाली भिंत तीच, पाया तोच. चाळीतल्या मधल्या भिंती तर पुष्कळदा साडेचार इंचीच असतात. पाऊण टन पेलणाऱ्याच्या डोक्यावर आपण सव्वातीन टन ठेवतो आणि वर म्हणतो, छप्पर तर माझेच आहे. छप्पर आपले असेल, पण त्याचा भार पेलतो कोण, हे विचारायला नको?

ज्या माळवदाच्या उजेडाची मी आठवण सांगितली, त्याचे वजन तर याहून कितीतरी अधिक. दीड फूट मातीचा थर धरला तर एवढ्याच खोलीवर आठ टनांहून अधिक भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या (आता धाराशिव म्हणतात) गावांतली हजारो माणसे झोपेतच गेली. दगडमातीच्या भिंती फुटल्या आणि ती जड माळवदे खाली आली. उन्हाळ्यात गारवा देणारे छप्पर जीव घेऊ शकते, हे आमच्या मुलखाने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

आणि लांब कशाला जायचे? मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असे थेट तळमजल्यापर्यंत. माणसे दगावली. त्या इमारती शंभर वर्षांच्या नव्हत्या, नव्वदच्या दशकातल्या होत्या. महानगरपालिका अधिनियमात ३० वर्षे झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद आहे. त्या दोन इमारतींनी तिशीही गाठली नव्हती. म्हणून मी सांगतो, वय मोजत बसू नका. स्लॅबचे पोपडे पडत असतील, गज गंजून दिसत असतील, तर अभियंत्याला आजच बोलवा.

उल्हासनगरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर जवळपास एक लाख सिंधी निर्वासित तिथे आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडले. तरी आजही रिक्षावाल्याला आपण ‘कॅम्प तीन’ असेच सांगतो. सैनिकांसाठी बांधलेल्या उतरत्या छपरांच्या त्या बराकी. एकेका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये आडपडदे. सगळे मागे टाकून आलेल्या माणसांना त्या छपराखाली पुन्हा संसार मांडायचा होता, दुकान काढायचे होते, मुलांची लग्ने करायची होती. जागा वाढत नव्हती, माणसे वाढत होती. मग बराक आडवी न वाढता उभी वाढली. आधी पत्रे चढले, मग स्लॅब, मग मजले. त्यांना नुसते बेकायदा म्हणून मोकळे होणे मला जमत नाही, कारण माझ्या माळ्याची गोष्ट तीच आहे. पण हेही खरे की गरजेपोटी चढलेल्या एका मजल्याच्या आडोशाने नफ्यासाठी पाच मजले चढवणारेही आले. २००५ च्या सुमारास उल्हासनगरातल्या ८५५ बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. २००६ मध्ये एकट्या या शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा खास कायदा विधिमंडळाने केला. दंड भरून कागद पुरे करून घेणारे मात्र थोडेच निघाले. नियमित होणे म्हणजे केवळ शिक्का मिळणे नव्हे. इमारत उभी राहायला लायक आहे का, हा प्रश्न त्यात असतो. त्या प्रश्नाचे उत्तर नको म्हणूनही पुष्कळ जण तिकडे फिरकत नाहीत.

आता शेजारी. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंड, निर्वेध, हक्काने उजेड आणि वारा मिळत आला असेल, तर तो तिचा वहिवाटीचा हक्क होतो. शेजाऱ्याने भिंत घालून तो अडवला तर दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा काकू त्या खोलीत राहायला येऊन किती वर्षे झाली, ते बोटांवर मोजले. वीस केव्हाच होऊन गेली होती. काकूंनी माझ्यावर दावा लावला नाही. त्यांनी ट्यूबलाइट लावली. आपल्या वस्त्यांत बहुतेक हक्कांचे असेच होते. ते कोर्टात हरत नाहीत, शेजारधर्मात गप्प बसतात.

शेजारी फक्त बाजूला नसतो, खालीही असतो. बदलापूरला आता चाळींपेक्षा इमारती जास्त. तिथे वरच्या मजल्यावर गळती सुरू झाली की पहिला उपाय म्हणजे गच्चीवर पत्र्याची शेड. सहकारी गृहनिर्माण संस्थेची गच्ची सर्वांची असते. तिच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायला हवी, असे आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे वरच्या मजल्यावरच्याने स्वतःच्या पैशाने शेड घालायची आणि मग गच्चीला कुलूप लावायचे, हे दोन्ही बाजूंनी चूक. पावसाळ्यापुरते गच्चीवर घातलेले आच्छादन हे तात्पुरते बांधकाम मानतात आणि कायमची लोखंडी शेड हे सरळ बांधकाम. दोन्हींसाठी पालिकेला विचारावे लागते. बदलापूरकरांना तर मोकळ्या गच्चीची किंमत सांगायला नको. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी गावात शिरली. २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली होती, ते साऱ्या देशाने पाहिले. अशा रात्री तळमजल्यावरच्या माणसाला जायला जागा वरच असते. तिथे कुलूप असून चालेल का?

तिसरी पालिका. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो, म्हणून सावकाश सांगतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्याच्या ४३ व्या कलमानुसार कोणतेही विकासकाम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. पण त्याच कलमात सूट दिली आहे. देखभाल, सुधारणा किंवा फेरफार असा असेल की त्याचा परिणाम फक्त घराच्या आतल्या भागावर होतो किंवा बाहेरच्या रूपात ठळक बदल होत नाही, तर या कलमाखाली परवानगी लागत नाही. उल्हासनगरसारख्या महानगरपालिकेत १९४९ च्या अधिनियमाचे २५४ वे कलमही आहे. घरात भर घालायची असेल किंवा छप्पर पेलणारी भिंत जोत्याच्या वर निम्म्याहून अधिक पाडून पुन्हा बांधायची असेल, तर आयुक्तांना आधी कळवावे लागते. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा. त्यांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू. एमआयडीसीच्या हद्दीत घर किंवा गाळा असेल तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी.

हे छपराला लावून पाहू. फुटलेले कौल काढून दुसरे बसवले, दरवर्षीसारखे छप्पर शाकारले, ही दुरुस्ती. एका मातीच्या कौलाच्या जागी त्याच मापाचे काचेचे कौल बसवले, तर उंची बदलत नाही, वजन बदलत नाही, वाशाला हात लागत नाही. तीही दुरुस्तीच. पण कौले उतरवून छप्पर उंच केले, उतरते छप्पर सपाट केले, कौलांच्या जागी स्लॅब टाकला, पोटमाळा काढला, तर ते बांधकाम. मुंबईच्या महापालिका अधिनियमातल्या ३४२ व्या कलमात ही रेघ फार स्पष्ट ओढली आहे. त्याच मालाने छप्पर बदलणे दुरुस्तीत धरले आहे. मापे बदलणे, माळा वाढवणे, छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या मालाने करणे धरलेले नाही. ते कलम आपल्या तीन गावांना लागू नाही, पण समजून घ्यायला त्याच्याइतके सोपे दुसरे नाही.

आणि स्लॅबमध्ये भोक पाडून उजेडाची काच बसवायची असेल तर? हल्ली जुन्या बैठ्या घरांत हे फार चालले आहे. लोकांना वाटते, कौलाची काच आणि स्लॅबची काच एकच. मुळीच नाही. स्लॅबच्या पोटात गज असतात आणि भोक पाडताना तेच कापले जातात. भोकाच्या कडेने नवे गज, नवी तुळई लागते का, हे संरचना अभियंत्याने हिशेब करून सांगायचे असते. मिस्त्रीने अंदाजाने सांगायचे ते काम नाही. इथे नकाशा लागतो, अभियंत्याचा दाखला लागतो, परवानगी लागते. पत्र्याच्या छपरात प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा टाकत असाल तर आणखी एक. त्यावर माणसाचे वजन टिकत नाही. टाकी साफ करायला, पतंग काढायला वर चढलेला पोरगा थेट खाली येतो. खालून लोखंडी जाळी मारा. तिचा खर्च फार नसतो.

उजेड ही चैन नाही, हे नियमही मानतात. राष्ट्रीय इमारत संहितेत आपल्यासारख्या दमट, उष्ण हवेच्या प्रदेशात राहत्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश एवढ्या उघड्या खिडक्या-झरोके असावेत असे धरले आहे. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला वीस चौरस फूट. आमच्या त्या कौलाचा उजेड एक चौरस फुटाचाही नव्हता. तेव्हा अर्ज घेऊन जाताना असे समजू नका की आपण काही गैर मागतो आहोत.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे अपवाद वगळून जवळपास साऱ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. तिचे नाव लांबलचक, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. कार्यालयात सगळे युडीसीपीआर म्हणतात. त्यात लहान घरांची वाट सोपी केली आहे. मालकी निर्वेध असलेल्या १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, पात्र तांत्रिक व्यक्तीने नियमांत बसणारा नकाशा प्रमाणित करून शुल्कासह दिला की त्याची पोच हीच परवानगी धरतात. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांची मुदत आहे. एरवी अधिनियमाप्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. नाही कळवला आणि नकाशा नियमांत बसणारा असेल, तर परवानगी मिळाली असे मानतात. म्हणून अर्जाची पोच, तारखेसह, जपून ठेवा.

दोन गैरसमज मात्र मनातून काढून टाका. ‘आम्ही घरपट्टी भरतो, म्हणजे घर अधिकृत’ हा पहिला. कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. पालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते, वर शास्तीही लावू शकते. दुसरा गैरसमज नोटिशीविषयीचा. नोटीस आली की लोक ओळखीच्या माणसाकडे धावतात. त्याऐवजी ती वाचा. ५३ व्या कलमाची नोटीस असेल, तर तिच्यातल्या मुदतीत ते बांधकाम राहू देण्यासाठी ४४ व्या कलमाखाली अर्ज करता येतो. मुदत गेली की हे दार बंद होते. मी कितीतरी घरे पाडताना पाहिली, त्यांतल्या काही घरमालकांच्या टेबलाच्या खणात ती नोटीस घडी न मोडलेली सापडली.

अंबरनाथकरांसाठी आणखी एक नियम आहे. आपले शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे, शिलाहारांच्या काळातले. केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक. २०१० च्या दुरुस्तीपासून अशा स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते नियंत्रित आहे. १६ जून १९९२ च्या आधीचे घर १०० मीटरच्या आत असेल, तर दुरुस्तीसाठीही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तिथे कौलाला हात लावण्याआधीसुद्धा विचारा. लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही चाळीतली सगळी पोरे त्या देवळात जायचो. सभामंडपातून वीसएक पायऱ्या खाली उतरले की गाभारा. वरचे शिखर पुरे झालेले नाही, म्हणून तिथे मान वर केली की आभाळ दिसते. आम्हा पोरांना वाटायचे, देवानेही काचेचे कौल बसवून घ्यायचे ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र नियम करणाऱ्यांनाही सांगायला हवी. नियमांच्या पहिल्याच पानावर मालकीचा कागद मागतात. उल्हासनगरात कितीतरी घरांची सनद झालेली नाही. चाळीत जमीन एकाची, खोली दुसऱ्याची आणि राहणारा तिसराच. ज्याच्या पायाखालच्या जमिनीचा कागद नाही, त्याने डोक्यावरच्या छपराचा कागद कुठून आणायचा? असा माणूस अर्जच करत नाही. तो रात्रीत पत्रे चढवतो आणि त्याच्या भिंतीला कोणीच विचारत नाही. मालकीचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटो; तोवर निदान छपराची मजबुती तपासून देणारा एखादा अभियंता अशा माणसाला पालिकेच्या दारात भेटावा, एवढी व्यवस्था करायला कोणाची हरकत असावी?

आता माझे काय झाले ते सांगून थांबतो. २००१ साली मी साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी वर चढून पाहिले आणि हसले नाहीत. पत्र्यांचा उतार उलटा करायचा, काकूंच्या बाजूची भिंत अडीच फूट उतरवायची, असा नकाशा त्यांनी काढून दिला. रीतसर अर्ज केला. चाळमालकाची सही नाही म्हणून तो एकदा परत आला. त्रुटी खरीच होती. सही आणली, पुन्हा दिला, मंजूर झाला. माळा लहान झाला. माझ्या बायकोने आठवडाभर अबोला धरला, आणि तिचेही बरोबर होते, कारण ती जागा तिचीच गेली होती.

भिंत उतरल्यावर काकूंच्या पाख्यावर ऊन साडेसातला यायला लागले. पूर्वी सातला यायचे. अर्ध्या तासाची सावली शेवटपर्यंत राहिली, ती मला परत करता आली नाही. काकूंना मी तसे म्हणालोही. त्या दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘राहू दे रे. तेवढ्या वेळात मी चहा घेते.’



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)